वाड्यातले जुने फोटो: नोंद, काळ ओळखणं आणि जपणूक

बडोद्यात रावपुऱ्यातला किंवा दांडिया बाजारातला जुना वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. त्यांत पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो असतात, चौकटीतले पूर्वज असतात, एखाद्या घरात काचेच्या निगेटिव्हची लाकडी पेटीही निघते. मग घरातले सगळे भोवती बसून चांगले फोटो निवडतात, धूळ पुसतात, चौकटी फोडतात. निम्मी माहिती जाते ती या पहिल्या दुपारीच. फोटो कोणाचा आणि कधीचा, हे चेहऱ्यावरून क्वचितच कळतं. ते कळतं पुठ्ठ्याच्या पाठीवरून, चौकटीमागच्या रद्दीवरून आणि ट्रंकेत तो फोटो कशाला लागून होता त्यावरून. म्हणून आधी नोंद करायची, हात नंतर लावायचा.

ट्रंक उघडल्यावर जशी आहे तशीच वरून मोबाइलवर टिपून घ्या. एकेक थर काढताना पुन्हा टिपा. ट्रंकेला एक अक्षर आणि फोटोला अनुक्रमांक द्या: अ-००१, अ-००२. एका पाकिटातून पाच फोटो निघाले तर त्यांचे क्रमांक लागोपाठ ठेवा आणि पाकिटाचीही नोंद करा. ते बहुधा एकाच लग्नाचे किंवा एकाच भावंडांचे असतात. क्रमांक फोटोवर न घालता पाकिटावर घाला. फोटोच्या मागे लिहिणं अगदीच टळत नसेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, पाठ कडक पाटीवर टेकवून, अलगद लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई काही वर्षांनी आरपार येते.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, बोटाचा ठसा घेतो आणि शेजारच्या फोटोला चिकटतो. टेबलावर धुतलेली पांढरी चादर घाला आणि पंखा बंद ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे दिसायला बरे, पण उचकटलेल्या कडांत त्यांचे धागे अडकतात.

धुळीसाठी रबरी ब्लोअर आणि बकरीच्या केसांचा मऊ ब्रश पुरतो. ब्रश मधून कडेकडे फिरवा. पापुद्रे सुटत असतील तर ब्रशही नको. पाणी, स्पिरिट, काच पुसायचा फवारा यांतलं काहीच नको. अंड्याचा आणि जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो, कलोडियनचा, म्हणजे जुन्या काचेच्या निगेटिव्हवर ओतलेल्या द्रावाचा, थर स्पिरिटमध्ये विरघळतो. त्या काळात हाताने रंगवलेले फोटो पुष्कळ असत. ओठांवरची लाली किंवा शेल्याच्या काठाचं सोनेरी ओल्या बोळ्याच्या एका फटक्यात निघून येतं. फोटोवर कुंकू लागलेलं असेल तर तेही राहू द्या.

फोटो कोणत्या जातीचा आहे हे ओळखलं की काळाचा अंदाज निम्मा लागतो. त्यासाठी दहापटीचं भिंग घ्या आणि फोटोतला उजळ भाग, म्हणजे धोतर किंवा आकाश, बघा. कागदाचे तंतू स्पष्ट दिसले, फोटो तपकिरी असला, उजळ भाग पिवळट पडले असले आणि वर बारीक भेगा असल्या, तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकावरचा म्हणजे अल्ब्युमेन फोटो. हा कागद पातळ आणि गुंडाळी होणारा, म्हणून तो जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर चिकटवलेला सापडतो. त्याचा काळ साधारण १८५५ ते १९००. तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि रंग जांभळट-तपकिरी आहे, असा फोटो बहुधा १८८५ ते १९२०मधला, उन्हात छापायच्या तयार कागदावरचा. रंग सरळ काळा-पांढरा असेल आणि तिरक्या उजेडात काळ्या भागांवर आरशासारखी निळसर-चंदेरी झाक येत असेल, तर तो जिलेटिनचा, अंधाऱ्या खोलीत डेव्हलप केलेला, बहुतेक १९००नंतरचा. ती झाक म्हणजे पृष्ठभागावर आलेली चांदी. ती मळ नाही, पुसायला जाऊ नका. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातून कापलेलं छापील चित्र आहे. त्याचीही नोंद करा, पण कौटुंबिक फोटोंपासून वेगळी.

पुठ्ठ्याचं माप घ्या. सुमारे ६४ × १०० मिलिमीटर असेल तर ते कार्त-द-व्हिझिट, १०८ × १६५ असेल तर कॅबिनेट कार्ड. कार्त १८५४पासून आहे, कॅबिनेट १८६६पासून. पोस्टकार्डाची पाठ उभ्या रेघेने दुभागलेली असेल तर ते १९०२च्या आधीचं धरू नका. अशी पाठ इंग्लंडने त्या वर्षी सुरू केली, बाकी देशांनी नंतर. पुठ्ठ्यावरून कळतं ते फोटो त्याआधीचा नाही एवढंच, कारण स्टुडिओवाले जुना साठा वर्षानुवर्षं वापरत. पाठीवर छापलेला पत्ता आणि पदकांची यादी मात्र अक्षर न अक्षर उतरवून घ्या. एकाच स्टुडिओच्या दोन फोटोंत पदकं वाढलेली दिसली तर कोणता आधीचा हे तिथेच कळतं. छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात लागले आणि छायाचित्रणाकडे १८७४च्या सुमारास वळले. त्यांच्या फोटोंत नाव आणि निगेटिव्हचा क्रमांक पुष्कळदा फोटोच्या खालच्या कडेलाच दिसतो. असा क्रमांक सापडला की तो सगळ्यात आधी टिपा.

फोटो शहरातला असेल तर पार्श्वभूमी उपयोगी पडते. कमाटी बाग १८७९ची, लक्ष्मी विलास पॅलेस १८९०चा, चिमणाबाई टॉवर आणि न्यायमंदिर १८९६चं, खंडेराव मार्केट १९०६चं, कीर्तिमंदिर १९३६चं. इमारत पुरी झालेली दिसली की फोटो त्यानंतरचा. इमारत दिसत नाही एवढ्यावरून तो आधीचा ठरत नाही. कॅमेरा नेमका त्या दिशेला होता हे आधी सिद्ध करावं लागतं. शाळेच्या किंवा कचेरीच्या ग्रुप फोटोत भिंतीवर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची तसबीर असेल तर तीही मोठी करून बघा. सयाजीरावांचा जन्म १८६३चा, दत्तक आले १८७५मध्ये आणि गेले १९३९मध्ये. तसबिरीतल्या वयावरून फोटो त्याआधीचा नाही एवढं नक्की सांगता येतं.

कपड्यांवरून काळ ठरवताना फार घाई होते. पगडी, उपरणं आणि नऊवारी कित्येक दशकं चाललेली आहेत. रंगांबद्दल तर चूक ठरलेलीच. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचांना निळा रंग फार दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल शालू काळा येतो, कुंकू काळ्या टिकलीसारखं दिसतं, हळदीचा पिवळाही काळपट होतो आणि निळं आकाश पांढरं फटक. नवरीने काळं नेसल्याचं पाहून घरात वाद होतात. ते लाल किंवा हिरवं असण्याचीच शक्यता जास्त. पण अंगावर पांढरे, खडबडीत, फुलाफुलांचे दागिने असतील तर भिंग लावा. हलव्याचे दागिने असले तर ती संक्रांत आहे आणि साडी खरोखरच काळी चंद्रकळा. मग महिना जानेवारी, आणि लग्नाचं पहिलं वर्ष हा अंदाज नोंदीत घालण्याजोगा. उभ्या माणसाच्या टाचांमागेही बघा. लोखंडी बैठकीचे दोन-तीन पाय डोकावत असतील तर ते मान स्थिर धरायच्या स्टँडचे आहेत. एक्स्पोजर लांब असे तोवरची ही सोय.

पाठीवरचा मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. मोडी वाचणाऱ्याकडून तो जसाच्या तसा लिहून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका. शक असेल तर ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुन असेल तर ७९: शके १८२० चैत्र म्हणजे १८९८, शके १८२० फाल्गुन म्हणजे १८९९. पौष महिना डिसेंबर-जानेवारीवर पडतो, त्यासाठी पंचांग बघावं लागतं. संवत लिहिला असेल तर गुजरातचा संवत कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो हे लक्षात ठेवा. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, पुढे आश्विनापर्यंत ५६. संवत १९५६, ज्याला इथे अजून छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ, म्हणजे नोव्हेंबर १८९९ ते ऑक्टोबर १९००.

नावांची गुंतागुंत याहून मोठी. पाठीवर नुसतं 'नाना' किंवा 'आक्का' लिहिलेलं असतं. ते नातं लिहिणाऱ्याच्या बाजूचं आहे, म्हणून आधी अक्षर कोणाचं ते शोधा, मग नाना कोण ते ठरतं. बायकांची नावं लग्नात बदलत. माहेरच्या ट्रंकेतली गोदावरी आणि सासरच्या ट्रंकेतली लक्ष्मीबाई एकच असू शकते. नोंदीत दोन्ही नावं, दोन्ही आडनावं ठेवा. नाहीतर घरातली निम्मी माणसं यादीत दोनदा येतात किंवा अजिबात येत नाहीत.

चौकटीतले फोटो उघडण्याआधी तिरक्या उजेडात बघा. काचेमागे ओलसर, गडद ठिगळं दिसत असतील तर जिलेटिन काचेला चिकटलं आहे. ओढलंत तर चेहरा काचेवर राहील. असा फोटो काचेसकट ठेवा आणि काचेतूनच टिपा: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखे दोन दिवे, कॅमेऱ्यामागे काळं कापड, फ्लॅश बंद. चिकटलेला नसेल तर चौकट पालथी घालून गंजलेल्या चुका पकडीने सरळ वर काढा. मागच्या फळीखाली बहुधा वर्तमानपत्राचा तुकडा निघतो. तो टाकू नका. चौकट कधी बसवली याची तारीख त्याच्यावरच छापलेली असते. परत बसवताना फोटो आणि काच यांच्यात ॲसिड-फ्री पुठ्ठ्याची दोन-तीन मिलिमीटरची माउंट ठेवा.

काचेची निगेटिव्ह नेहमी दोन्ही हातांनी, कडांना धरून उचला. चकचकीत बाजू काचेची, मंद बाजू थराची. कडेला थर वेडावाकडा ओघळलेला आणि एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा मोकळी असेल तर ती हाताने ओतलेली कलोडियन, साधारण १८८०च्या दशकापर्यंतची. थर कडेपर्यंत एकसारखा असेल तर कारखान्याची कोरडी प्लेट. थरावर शिसपेन्सिलीच्या रेघा किंवा लाल रंग दिसला तर ते फोटोग्राफरचं रिटचिंग आहे, तसंच ठेवा. प्लेटा आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. प्रत्येकीला कागदी पाकीट करून, लांब कडेवर उभ्या ठेवा. तुटलेल्या प्लेटेचे तुकडे चिकटपट्टीने जोडू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. फिल्मची निगेटिव्ह चिकट, तपकिरी झाली असेल आणि नाकाला झोंबणारा वास येत असेल तर ती नायट्रेट असू शकते. ती चटकन पेट घेते. स्वयंपाकघरापासून आणि बाकी संग्रहापासून दूर, थंड जागी ठेवा आणि अभिलेखागाराशी बोला.

स्कॅन नेहमी रंगीत करा, फोटो कृष्णधवल वाटला तरी. पिवळेपणा आणि डाग हीही माहिती आहे. कॅबिनेट कार्डाला ६०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) पुरतं, कार्तला १२०० घ्या. पुठ्ठा पूर्ण कडांसकट आणि पाठही. शेजारी मोजपट्टी ठेवा. ६००वर कॅबिनेट कार्डाची २४ बिटची टिफ फाइल सुमारे ३० एमबी होते, ४८ बिटची ६० एमबी. मूळ टिफला हात लावू नका. उजळवणं, कातरणं सगळं जेपेग प्रतीवर करा. स्कॅनरचं झाकण वाकलेल्या पुठ्ठ्यावर दाबलं की अल्ब्युमेन तडकतो. असे फोटो वरून कॅमेऱ्यानेच घ्या. एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असू द्या.

ठेवण्यासाठी ॲसिड-फ्री कागदाची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. पीव्हीसीची मऊ, वास येणारी नकोत, आणि चिकट पानांचे अल्बम तर मुळीच नकोत. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून सुटं आणि जमिनीपासून वीतभर वर असावं. आत हायग्रोमीटर ठेवा: ३५ ते ५० टक्के चांगलं. ६५च्या वर गेलं की बुरशी धरते. ३०च्या खाली गेलं की थर तडकतो, म्हणून सिलिका जेल बेताने आणि फोटोंना न टेकवता. कसर खळ आणि जिलेटिन खाते, तेव्हा दर महिन्याला कपाट उघडून बघा. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात टाकू नका.

राहिलं ते वडीलधाऱ्यांना विचारणं. मूळ फोटो त्यांच्या हातात न देता स्कॅनचा मोठा छाप न्या, एका वेळी दहा-बाराच. 'हे आजोबाच ना?' असं विचारलं तर हो म्हणतात. 'हे कोण?' असं विचारा आणि थांबा. नावं फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून, ओळीओळीने लिहा. कोणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी, हे प्रत्येक नावापुढे लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा. रेकॉर्डर चालू असू द्या, कारण नाव आठवलं नाही तरी पायरीवर बसलेल्या मुलाच्या हातातली कोयरीची वाटी कोणाच्या रुखवतातली, हे मावशी सहज बोलून जातात.