जुन्या लग्नपत्रिकांच्या सोंगट्या

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक साहसाच्या खेळामध्ये एकदम आठ गॉब्लिन (छोटे राक्षस) चालून येतात आणि पटावर ठेवायला सोंगट्याच पुरत नाहीत. घरातल्या जाड लग्नपत्रिका काढा.

१. पटाचं घर 1 इंचाचं असतं. त्यात मावणारं नाणं ठेवून गोल आखा. ओगरसारख्या मोठ्या राक्षसाला 2 इंचांचा गोल लागतो.
२. दोन थर फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा, मग कापा.
३. वर चित्र आणि ठळक आकडा काढा. मागची बाजू लाल रंगवा. निम्मे हिट पॉइंट (किती जीव उरलाय ते सांगणारे गुण) गेले की सोंगटी उलटायची. कोण किती जखमी, हे विचारावंच लागत नाही! आकडा मागेही लिहा.

इंकजेटवर छापलेलं चित्र ओल्या फेव्हिकॉलने फिसकटतं, त्याला ग्लू स्टिकच वापरा.