घरातल्या जुन्या शस्त्रांचं मूल्यांकन आणि विमा कसा करावा

खंडेनवमीला आमच्या घरी माळ्यावरून तलवार आणि कट्यार खाली यायची, कपाटातून बारा बोअरची दुनळी निघायची. हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि दसरा झाला की सगळं जसंच्या तसं परत आत जायचं. काका गेल्यावर वाटणीचा विषय निघाला, तेव्हा तलवार म्यानातून नीट बाहेर काढून खिडकीपाशी धरली. पात्यावर गंजाचे पाच खड्डे होते, एका ओळीत, बरोबर बोटांच्या अंतरावर. दरवर्षी ओलं कुंकू जिथं लागायचं, तिथंच. तिची किंमत किती, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं आणि विमा तर कशाचाच नव्हता.

पुण्यात पेठांतल्या वाड्यांमधून आणि आता फ्लॅटमधूनही अशी शस्त्रं बरीच आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुढचं काम याच क्रमानं करावं. क्रम चुकला की खर्च वाया जातो.

आधी परवाना

बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर काहीही असो, चालू परवान्याशिवाय ना मूल्यांकन कामाचं, ना विमा. परवाना पुस्तिकेत लिहिलेला शस्त्राचा क्रमांक आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक एकमेकांशी ताडून पाहा. मुदत संपली नाही ना आणि राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, आहे ना, तेही पाहा. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. पूर्वी तीन चालायची. वारशानं आलेलीही या दोनातच मोजली जातात. म्हणजे तुमच्याकडे दोन आहेत आणि वडिलांची तिसरी येणार असेल, तर कुटुंबात दुसरं कोण परवाना घेऊ शकतं ते आधीच बोलून ठेवा. वडिलांचं वय सत्तर झालं असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. ही सोय फार कमी लोक वापरतात. माणूस गेल्यावर दुःखात ही धावपळ करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) किंवा तोड्याची (जळत्या वातीनं बार काढायची) बंदूक असेल तर ‘जुनी आहे, परवाना कशाला’ असं परस्पर ठरवू नका. कायदा सूट देतो ती जुन्या घडणीच्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला, पण दुरुस्ती करूनही त्यातून गोळी सुटणार नसेल तरच. ते पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडून लेखी घ्या. नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारंही शस्त्र नियमांच्या यादीत आहेत, तेव्हा तलवारीबद्दलही त्याच भेटीत विचारा. माळ्यावर बिनपरवान्याचं काही सापडलंच, तर वकिलाला गाठून स्वतःहून पोलिसांना कळवा.

घासू नका

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. आमच्या दुनळीची नळी काकांनी एका कारागिराकडे ‘चकाचक’ करायला दिली होती. त्यानं पॉलिश पेपर मारला. नळी आरशासारखी झाली, पण दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचं नाव पुसट झालं आणि नळी तपासल्याचे जे ठसे खाली असतात त्यांपैकी एक तर पार गेला. मूल्यांकन करणाऱ्यानं भिंग लावून पाहिलं, मान हलवली आणि बंदूक कुठं घडली याचा निर्णय अर्धवटच ठेवला. मूळ रंग, मूळ करडा थर, मूळ दस्ता यांनाच किंमत असते. तलवारीला लिंबू, चिंच, वाळू काही लावू नका. पोलादातली लाटांसारखी नक्षी, जिला जौहर म्हणतात, ती घासली की बुजते. मुठीवरची कोफ्तगिरी म्हणजे सोन्याची बारीक तार असते, ती कपड्याबरोबर निघून येते. कोरड्या सुती फडक्यानं पुसा, यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या, एवढंच. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याचं म्यान ओल धरतं, म्हणून पातं म्यानाबाहेर ठेवा. पूजा जरूर करा, पण कुंकू मुठीला लावा आणि त्याच संध्याकाळी पुसून घ्या.

ओळख पटवा, मग किंमत

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, नळ्या दस्त्यापासून सुट्या करा. बुडाशी खालच्या सपाट भागावर बारीक ठसे असतात. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं आणि तारा असेल तर नळी बेल्जियममधल्या लिएजला तपासली गेली. मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असले तर बर्मिंगहॅम. वरच्या पट्टीवर मुंबई-कोलकात्याचं नाव दिसलं तर ते बहुतेक विकणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नव्हे. प्रत्येक ठशाचा, क्रमांकाचा, दस्त्यावरच्या भेगेचासुद्धा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका.

तलवारीसाठी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रं शांतपणे पाहून या. मूठ आणि पात्याची घडण आपल्या वस्तूशी ताडता येते. संग्रहालयाकडून किमतीची अपेक्षा ठेवू नका. घरात मोडी कागद असतील तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. ‘पानिपतावरची तलवार’ या आठवणीला विमा कंपनी पैसे देत नाही, पण शस्त्राचा उल्लेख असलेल्या एका जुन्या यादीनं चित्र बदलतं.

चालू बंदुकीची किंमत परवानाधारक शस्त्र विक्रेता सांगू शकतो. त्याच्याकडे परवानाधारकानं स्वतः, परवाना बरोबर घेऊन जावं. भाच्याच्या हाती पाठवू नये. पुरातन वस्तूंसाठी कलावस्तूंच्या वर्गात नोंद असलेला शासनमान्य मूल्यांककच घ्या, दागिन्यांचा किंवा घरांचा नको. परदेशी लिलावातले आकडे बाजूला ठेवा. १९८०च्या दशकात सामान्य माणसाला शस्त्र आयात बंद झाली, त्यामुळे चालू विलायती बंदूक इथं तिकडच्यापेक्षा कितीतरी महाग पडते. उलट शंभर वर्षांपुढची पुरातन वस्तू १९७२च्या कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून तिकडचा भाव तिला लागू नाही. अहवालात प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी आणि ती कशावरून काढली ते लिहून घ्या.

विमा

‘भारत गृह रक्षा’ ही २०२१पासूनची प्रमाणित घरविमा पॉलिसी. आग, पूर, भूकंप यांसाठी चांगली. पण तिच्यात एकटी घरफोडी येत नाही. चोरी येते ती अशा आपत्तीमुळे, सात दिवसांच्या आत झालेली. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. पुरातन वस्तू आणि कलावस्तूंसाठी ‘ठरलेल्या किमतीवर’ मौल्यवान वस्तूंचं जादा कलम मागा, म्हणजे दाव्याच्या वेळी किमतीवरून वाद होत नाही. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एक वस्तू एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकन प्रमाणपत्राची अट नाही. तरीही ते जोडाच.

चालू बंदूक या कलमात धरणार का, हे कंपनीला ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटचं ‘सगळं कव्हर आहे हो’ कामाला येत नाही. काडतुसं स्फोटकांत मोडतात, ती वगळलेली समजा. गंज, वाळवी, झीज यांची भरपाई मिळत नाही. घरफोडीत कुलूप-दार मोडल्याची खूण लागते, आणि घर सलग बरेच दिवस बंद राहणार असेल तर त्याची अट वाचा. निवडणुकीत बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागली, तर त्या काळात ती घराबाहेर असल्यानं विमा चालू राहतो का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

शस्त्र गेलं तर आधी पोलीस ठाणं, मग कंपनी, दोन्ही त्याच दिवशी. दावा अडला तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे.

आमच्या आजीच्या माहेरचे सगळे कागद १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात गेले, तलवार मात्र चिखलात सापडली. म्हणून परवान्याची प्रत, अहवाल, फोटो आणि पॉलिसी यांचा एक संच मी नदीपासून लांब, बहिणीच्या घरी ठेवला आहे. निवडणुकीत बंदूक जमा केल्याची पोलिसांची पावती आली की तिचीही प्रत त्याच दिवशी तिकडे जाते.