काइ, खाइ आणि साबुदाणा : बँकॉकमध्ये शाकाहारी राहायचं कसं

सासूबाई पहिल्यांदा बँकॉकला आल्या आणि चौथ्याच दिवशी आषाढी एकादशी आली. सकाळी त्यांना घेऊन आमच्या ऑन नुटच्या बाजारात गेले. एका गाडीवर केळीच्या पानावर वाफवलेले पांढरट गोळे मांडले होते. साबुदाणाच तो, दाणा न् दाणा दिसत होता, आणि वर भाजलेल्या शेंगदाण्याचा वास. "अगं, यांच्याकडेसुद्धा उपासाचं मिळतं की!" म्हणून त्यांनी चार गोळे घेतलेसुद्धा. नशीब, तोंडात घालायच्या आधी त्यातला एक फुटला. आत शेंगदाणे होते, ताडगूळ होता, मुळ्याचं लोणचं होतं आणि डुकराचा खिमा होता. पदार्थाचं नाव साखू साइ मू. साखू म्हणजे साबुदाणा, साइ म्हणजे सारण, मू म्हणजे डुक्कर. विकणारी बाई ते नाव मोठमोठ्याने ओरडतच होती. मला इथे येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण कान तयार नव्हते.

त्यानंतर आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकाला तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. विमानतळ, मेट्रो हे सगळं कुणालाही जमतं. अडतं ते जेवणापाशी.

पहिली गोष्ट, "व्हेजिटेरियन" हा शब्द विसरा. हा शब्द ऐकला की गाडीवरचा माणूस मान डोलावतो, ताटलीतून मांसाचे तुकडे वगळतो आणि नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, नेहमीसारखा ओततो. तो फसवत नसतो. नाम प्ला म्हणजे त्यांचं मीठ. भाजीत मीठ आहे का, असं आपण तरी कुठे विचारतो? म्हणून आपण काय आहोत हे सांगत बसायचं नाही. काय घालायचं नाही, ते एकेक नाव घेऊन सांगायचं. "घालू नका" म्हणजे "माइ साइ". हे दोन शब्द पाठ झाले की निम्मं काम झालं. माइ साइ नाम प्ला : माशाचा सॉस नको. माइ साइ नाम मन होई : ऑइस्टर सॉस नको. हा दुसरा तर हिरव्या पालेभाजीतही असतोच असतो. माइ साइ नूअ सात : मांस नको. त्याऐवजी काय घालायचं तेही सांगा, नाहीतर भाजी अळणी येईल : "साइ सी-इउ", सोया सॉस घाला.

वाक्याच्या शेवटी बायकांनी "खा" आणि पुरुषांनी "ख्राप" लावायचं. हाक मारायची ती "पी" म्हणून. पी म्हणजे आपल्यापेक्षा मोठं कुणीही, ताई किंवा दादा. वयाने लहान दिसला तर "नोंग". नुसतं "हॅलो" करून बोट दाखवणाऱ्याला मिळणारं जेवण आणि "पी खा" म्हणणाऱ्याला मिळणारं जेवण यांत फरक असतो, हे मी स्वतः खाऊन सांगते.

आता मराठी माणसाच्या फायद्याची गोष्ट. थाई भाषेत कोंबडीला "काइ" म्हणतात आणि अंड्याला "खाइ". थाईत सूर बदलला की अर्थ बदलतो, पण इथे सूर एकच, फरक फक्त क आणि ख चा. गोऱ्या पाहुण्यांची इथे हमखास दांडी उडते, कारण त्यांच्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही. आपण तो बालवाडीत गिरवलेला असतो. तसंच "पेत" म्हणजे बदक आणि "फेत" म्हणजे तिखट. तिखट नको असेल तर "माइ फेत". हा फ फळातला, फॅनमधला नव्हे. "फाक" म्हणजे भाजी, तिथेही तोच फ. सुरांचं मात्र मान्य करते, ते आपल्याला जमत नाहीत. पण संदर्भावरून लोक समजून घेतात.

काही शब्द तर आपल्याच घरचे. जेवण म्हणजे "आहान", आपला आहार. वेळ म्हणजे "वेला". शुक्रवार म्हणजे "वान सुक", बुधवार "वान फुत". "सावतदी" हा नमस्कार स्वस्ति या शब्दातून आलेला. एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना पाण्याचा जो धुमाकूळ चालतो तो सोंगक्रान, म्हणजे संक्रांत. आपली मकराची, त्यांची मेषाची.

जेवायला कुठे शिरायचं हे महत्त्वाचं. "आहान ताम सांग" नावाची छोटी दुकानं गल्लोगल्ली असतात. तिथे सांगाल तसं कढईत ताजं परतून देतात, त्यामुळे "माइ साइ" चालतं. फात फाक रुआम म्हणजे मिश्र भाज्या परतून, सोबत ताओ हू म्हणजे टोफू, आणि भात. ५०-६० बाटांत पोट भरतं. याउलट तयार रश्श्यांची पातेली मांडलेली असतील तिथे "माइ साइ" म्हणून काही उपयोग नाही. हिरवी करी, लाल करी यांच्या वाटणातच "कापि" असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. वाटणातून ती काढणार कशी? पपईच्या सोम ताम या कोशिंबिरीचंही असंच. सुकी कोळंबी नको, नाम प्ला नको, असं सांगता येतं; पण खलबत्ता तोच, दिवसभर त्यातच कुटलेलं. कढईसुद्धा तीच असते म्हणा. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी पुढचा परिच्छेद नीट वाचावा.

पिवळा झेंडा शोधा. पिवळ्यावर लाल अक्षरांत "जे" लिहिलेलं असतं आणि ते इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. सासूबाई त्याला "सतरा नंबरची खानावळ" म्हणतात. "जे" ही चिनी बौद्ध परंपरेतली पद्धत. त्यात मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांची आयतीच सोय. तिथे कढई वेगळी आणि मनही निश्चिंत. एकच सूचना : या दुकानांत सोया आणि गव्हाच्या सत्त्वापासून बनवलेलं नकली मांस असतं आणि ते फार हुबेहूब दिसतं. आमच्या सासूबाई नकली बदकाचे काप बघून ताटावरून उठल्या होत्या. दुकानदारीण बिचारी "जे, जे" म्हणत समजावत राहिली. दूध-अंडं चालणाऱ्या शाकाहाराला वेगळा शब्द आहे, "मांगसविरात". फोड करून बघा : मांस आणि विरत.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, "जे"चा मोठा उत्सव असतो. तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतो. त्या दिवसांत चायनाटाउनचा याओवारात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. वात मांगकोन हे मेट्रो स्टेशन त्याच्या अगदी जवळ. सेव्हन-इलेव्हनमध्येसुद्धा "जे"चे डबे येतात. जमलं तर येण्याची तारीख अशीच धरा. सीलोम भागातल्या मारिअम्मन मंदिरातून दसऱ्याच्या रात्री देवीची मिरवणूक निघते, तीही बघून होईल.

आता फसवे पदार्थ. बेकरीतल्या गोड पावावर सुतरफेणीसारखा तपकिरी भुगा दिसला तर तो मू योंग, म्हणजे डुकराच्या मांसाचा कीस. कैरीच्या फोडींबरोबर घट्ट, काळसर, चकचकीत असं काही देतात. आपल्याला वाटतं, वा, मेथांबाच की! तो असतो नाम प्ला वान : माशाचा सॉस ताडगुळात आटवून, वर सुकी कोळंबी. कैरीबरोबर "फ्रिक क्लुआ" मागा. ते साधं मीठ-मिरची-साखर असतं. रोटीच्या गाडीवर केळं घालून रोटी मिळते, पण अंडं फोडायच्या आत "माइ साइ खाइ" म्हणायला हवं. त्या माणसाचा हात फार चपळ असतो.

बिनघोर खावं असंही बरंच आहे. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. खानोम क्रोक : आपल्या आप्पेपात्रासारख्या लोखंडी पात्रात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घालून केलेलं, वरून मका नाहीतर कांद्याची पात. आणि एकादशीला? भाजलेली रताळी, उकडलेल्या शेंगा, निखाऱ्यावरची केळी, शहाळं. सगळं रस्त्यावरच मिळतं. त्या आषाढीला सासूबाईंनी अखेर तेच खाल्लं.

बाकीचं भराभर सांगते. थायलंडला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरायचं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं पान वाचा. माझं किंवा आत्येभावाचं ऐकू नका. ई-सिगारेट आणू नका, इथे बंदी आहे. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात यायला एअरपोर्ट रेल लिंक, तासाभराची वाहतूक चुकते, अर्ध्या तासात पोहोचता. टॅक्सी घेतली तर मीटर ३५ बाटांपासून सुरू होतो, विमानतळाचे ५० आणि टोल वेगळे. मीटरला नाही म्हणणाऱ्याला "खोप खुन खा", म्हणजे धन्यवाद, म्हणून दार लावून घ्यायचं. राजवाड्याबाहेर कुणी सांगितलं की आज राजवाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो, तर हसून थेट फाटकापर्यंत चालत जा. तो नेतो तिथे बहुधा रत्नांचं दुकान असतं. आणि आत गेलात तर तिथल्या वात फ्रा क्याओ या मंदिराच्या ओवऱ्यांतली भित्तिचित्रं सोडू नका. १७८ चित्रांत त्यांचं रामायण आहे आणि हनुमान तिथला खरा नायक. गुडघे आणि खांदे झाकलेले असू द्या.

सुट्टे पैसे जवळ ठेवा. गाड्यांवर क्यूआर असतो खरा, पण तो मुख्यतः थाई बँक खात्यांसाठी. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर खेपेला दोनशेच्या वर बाट कापले जातात, तेव्हा एकदाच काढा. दुधाच्या बाटलीवरची तारीख बघून दचकू नका. बौद्ध संवत ५४३ वर्षांनी पुढे आहे, २०२६ म्हणजे २५६९. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, तेव्हा उभं राहायचं. हे आपल्याला शिकवायला नको. आणि हो, प्रत्येक स्वच्छतागृहात जेट असतो. युरोपला जाऊन आलेल्या काकांनी यावर दहा मिनिटं भाषण दिलं होतं.

महिनाभर राहणार असाल तर फाहुरात, म्हणजे इथला भारतीय बाजार. साम योत स्टेशनवर उतरून चालत जा. तूरडाळ, पोहे, हिंग, पूजेचं साहित्य, सगळं तिथे मिळतं. तिथल्याच गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. डोकं झाका, चपला बाहेर काढा, जेवा, जमलं तर भांडी घासा. कुकर मात्र भारतातूनच आणा. आमच्या मजल्यावर पहिली शिट्टी झाली तेव्हा समोरची थाई आजी दार उघडून बाहेर आली होती. आता तीच शिट्ट्या मोजते.

शेवटी संकष्टीचं. गणपतीला इथे फ्रा फिकानेत म्हणतात, म्हणजे विघ्नेश. हुआय ख्वांग स्टेशनजवळच्या चौकातल्या गणपतीला थाई मुलंमुली परीक्षेआधी रांगा लावतात. मोदक करायला वेळ नसला तर बाजारात "खानोम तोम" मागा. चिकट तांदळाच्या पिठाची पारी, आत ओलं खोबरं आणि ताडगूळ, उकडून वरून पुन्हा खोबऱ्यात घोळवलेले गोळे. सकाळी दहाच्या आत जा, नंतर उरत नाहीत, आणि घेतलेले दुपारच्या आत संपवा, ओलं खोबरं या उकाड्यात टिकत नाही. सासूबाईंनी पहिला गोळा हातात घेतला तो आधी फोडून बघितला, मग विकणारीकडे बघून विचारलं, "माइ साइ मू?" ती बाई खो खो हसली. चाखून झाल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "सारण आपलंच आहे गं. पारी तेवढी दाताला चिकटते."