कारखान्याजवळच्या घरातील घरघर कशी तपासावी

प्रथम रात्री घराचा मेन स्विच बंद करावा. कारखान्यावर ठपका ठेवलेली घरघर पुष्कळदा आपल्याच फ्रिजची निघते. आवाज टिकलाच, तर मोजणी केवळ खोलीच्या मध्यभागी न करता कोपऱ्यांत आणि उशाशीही करावी, कारण 50 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ 7 मीटर असल्याने भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे तो एका जागी विरतो आणि दोन पावलांवर घुमतो. ध्वनिमापकाच्या ‘ए’ भारांकनात (कानाला कमी जाणवणाऱ्या खालच्या सुरांना कमी वजन देणाऱ्या मोजणीत) याच ध्वनीचे सुमारे 30 डेसिबल वजा होतात, म्हणून खालचे सूर जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या ‘सी’ भारांकनाचे आकडेही टिपावेत. तावदान खडखडले म्हणजे जमीनच हादरते असे नव्हे, हवेतला ध्वनीही ते हलवतो. कंपनमापक गालिच्यावर न ठेवता घराच्या पायाजवळच्या टणक फरशीवर घट्ट बसवावा, आणि नोंदींच्या वेळा यंत्रांच्या चालू-बंद वेळांशी ताडून पाहाव्यात.