चंद्र किती योजने दूर? किलोमीटरचे योजन करताना

चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. योजनांत, म्हणजे अंतराच्या जुन्या भारतीय मापात, मांडले तर त्याची २६,२७४, ३१,६७६ आणि ४८,२६९ अशी तीन उत्तरे निघतात, आणि तिन्हींतली आकडेमोड बिनचूक असते. फरक पडतो तो योजन कोणाचे घेतले यावरून. म्हणून भागाकाराला हात घालण्याआधी ग्रंथ ठरवा.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातले कोष्टक सोपे आहे: २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा कोस, ४ कोसांचे योजन. म्हणजे योजनाचे ३२,००० हात. हात १८ इंची धरला तर योजन १४.६३ किलोमीटरचे होते. पण हात नेमका केवढा? अर्धा इंच इकडेतिकडे झाला की योजन ४०६ मीटरने सरकते आणि चंद्रापर्यंत पोचेतो चूक दहा हजार किलोमीटरच्या वर जाते. शेत मोजायला हात चालेल, आकाशाला नाही.

त्याऐवजी पृथ्वीचा व्यास मध्ये घ्या. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात तो १६०० योजने, आर्यभटाकडे १०५०, भास्कराचार्यांकडे सुमारे १५८१. आजचा सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर. आधी अंतराला १२,७४२ ने भागा: चंद्रासाठी ३०.१६८ व्यास येतात. मग ग्रंथातल्या व्यासाने गुणा. सूर्यसिद्धान्ताने ४८,२६९, आर्यभटाने ३१,६७६. मधल्या आकड्याची निदान तीन दशांश स्थळे ठेवा. नुसते ३० धरले तर पावणेतीनशे योजने गळतात.

उलट जातानाही हाच नियम पाळा. सूर्यसिद्धान्तात चंद्रकक्षेचा परीघ ३,२४,००० योजने आहे. २π ने भागल्यावर अंतर येते ५१,५६६ योजने. याला हातावरून काढलेल्या १४.६३ ने गुणले की साडेसात लाख किलोमीटर होतात, आणि ग्रंथच चुकला असे वाटते. त्याच ग्रंथाच्या पृथ्वीवरून (१२,७४२ भागिले १६००) योजन ७.९६४ किलोमीटरचे, त्याने गुणले तर सुमारे ४,१०,७०० किलोमीटर येतात. खऱ्या अंतराहून फक्त ७ टक्के जास्त! इतक्या जवळ जाणारे गणित चुकीच्या मापाने बदनाम होऊ नये.

सूर्याचे मात्र जुळणार नाही. याच योजनाने आजचे अंतर १ कोटी ८७ लाख ८५ हजार योजने होते, सूर्यसिद्धान्तात ते ६ लाख ८९ हजारांच्या आसपास आहे. सगळे ग्रह रोज सारखीच योजने चालतात असे गृहीत धरल्यामुळे सूर्य चंद्राच्या जेमतेम साडेतेरा पट दूर ठरला. तिथे आपला गुणाकार तपासत बसू नका.

प्रकाशवर्षाला साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर पुरत नाही. त्याचे किलोमीटर म्हणजे ९.४६०७ गुणिले दहाचा बारावा घात. ९.४६०७ ला सूर्यसिद्धान्ताच्या योजनाने, म्हणजे ७.९६३७५ ने, भागा आणि दहाचा बारावा घात वेगळा ठेवा: १.१८७९७. लीलावतीच्या संख्यानामांत बारावा घात म्हणजे महापद्म. तेव्हा एक प्रकाशवर्ष म्हणजे १ महापद्म, १ निखर्व, ८ खर्व, ७ अब्ज, ९ अर्बुद, ७ कोटी योजने. हिंदीतला खरब इथे घुसू देऊ नका; तो शंभर अब्जांचा, आपला खर्व दहा अब्जांचा.