ऑक्टोबरच्या उन्हात बाल्कनीतली कीड: आधी मुंग्या थांबवा

परतीचा पाऊस संपून ऊन तापायला लागलं की ठाणे-नवी मुंबईतल्या बाल्कन्यांमध्ये जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखा दिसू लागतो. हा पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. पावसाच्या माऱ्यात त्याची पिल्लं धुऊन जात होती. आता तो मारा थांबला, आणि ग्रिलमध्ये खेटून ठेवलेल्या कुंड्यांमध्ये हवाही खेळत नाही. आत्ता दुर्लक्ष झालं तर दिवाळीपर्यंत शेंडे आकसतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात.

फवारा हातात घेण्याआधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते पाहा. पिठ्या ढेकूण रस शोषून गोड, चिकट द्रव टाकतो. त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. हाच चिकटा खालच्या पानांवर पडून त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. अनेकजण त्या बुरशीवर औषध शोधत बसतात, पण कीड गेली की बुरशी ओल्या फडक्यानं पुसून निघते. माझ्या अनुभवात मुंग्या थांबवल्याशिवाय केलेली फवारणी वाया जाते. स्टँडच्या पायांना बोटभर रुंद व्हॅसलीनचा पट्टा लावा आणि झाडाची फांदी ग्रिलला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांना दुसरी वाट मिळते. पायाखाली पाण्याच्या वाट्या मात्र नकोत. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात आणि हे दिवस त्यांचेच आहेत. कुंडीखालच्या बशाही आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा.

मग जास्त लागण झालेले शेंडे कापा, पिशवीत घालून गाठ मारा आणि कचऱ्यात टाका. घरच्या खताच्या डब्यात ते टाकू नका. उरलेल्या ढेकणांना सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं टिपा. कुंडी उचलण्याजोगी असेल तर बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. संध्याकाळी 1 लिटर कोमट पाण्यात आधी 1 ते 2 मिली सौम्य लिक्विड सोप आणि मग 5 मिली कडुनिंबाचं तेल घालून, बाटली हलवत हलवत फवारा. पहिल्यांदा दोन-तीन पानांवरच मारून दोन दिवस थांबा. एका वर्षी घाईत मी हेच मिश्रण भर दुपारी मारलं आणि मोगऱ्याची कोवळी पानं करपून गेली. कपड्यांची पावडरही वापरू नका, तिनंही पानं भाजतात.

एका फवारणीत हे संपत नाही. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि तिथवर औषध पोचत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांवर मेणाचा थर नसतो, तेव्हाच ती साबणाच्या पाण्यानं मरतात. म्हणून 7 दिवसांच्या अंतरानं तीनदा फवारणी करा. दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि बहुतेकजण तिथेच थांबतात. महिन्याभरात कीड परत दिसते ती यामुळेच.

पानांवर बारीक पिवळट ठिपके आणि खाली नाजूक जाळं दिसलं तर पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे, त्यामुळे पुष्कळशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. कोरडी, गरम हवा त्याला मानवते. दोन-तीन दिवसांआड पानांची खालची बाजू धुतली तर तो आटोक्यात येतो. गुलाब-शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवरचा मावा बोटांनी चिरडला तरी चालतो. नत्राचं खत जास्त झालं की तो हमखास येतो.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती फुलपाखराची असते. झाड मोठं असेल तर तिला राहू द्या. तुळशीची पानं वळून मागे काळे ठिपके दिसले तर ती पानं खुडून टाका आणि उरलेलं झाड पाण्यानं धुवा. तुळस, कढीपत्ता, मिरची आपण रोज तोंडात घालतो, म्हणून त्यांवर रासायनिक औषध नकोच.

आणखी एक कळकळीची विनंती. गावाकडून शेतातलं उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत भरून आणू नका. फ्लॅटमधल्या बाल्कनीतून त्याचे तुषार थेट खोलीत येतात, आणि लहान मुलाच्या हाती ती बाटली लागली तर जिवावर बेततं.

दिवाळीसाठी नर्सरीतून शेवंती किंवा जास्वंद आणाल तेव्हा ती 15 दिवस बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा. घेतानाच पानं उलटून बघा आणि पिशवीच्या तळातल्या भोकांशी पांढरी पूड आहे का पाहा, कारण मुळांवरचा पिठ्या ढेकूण वरून दिसत नाही.