आर्चेस नॅशनल पार्कमध्ये पायी फिरताना: पाणी, वेळ आणि उताराचा कातळ

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब गावाच्या उत्तरेला पाच मैलांवर आर्चेस नॅशनल पार्कचं प्रवेशद्वार आहे. आत 2,000 हून जास्त नेढी, म्हणजे कातळातल्या आरपार नैसर्गिक कमानी (इंग्रजीत आर्च), नोंदलेली आहेत. भोक निदान एका दिशेने तीन फूट असलं तरच त्याची नोंद होते. लाल वालुकाश्म, उंचावरचं वाळवंट, आणि पार्कातली सर्वांत उंच जागा एलिफंट ब्यूट 5,653 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जरा उंचच. वाटा मात्र कागदावर किरकोळ दिसतात. डेलिकेट आर्च जाऊन-येऊन तीन मैल (4.8 किलोमीटर) आणि चढाई 480 फूट. सह्याद्रीत मुरलेला माणूस हे आकडे वाचतो, अर्ध्या लिटरची बाटली उचलतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे वाटेत झाडं असतात, गडावर टाकं असतं, वाडीत कुणीतरी ताक विचारतं. इथे यातलं काहीच नाही. त्यामुळे ट्रेक मैलांवर आखू नका. पाणी किती नेणार, ऊन कुठे असणार आणि उतरताना कातळ कसा असणार, यावर आखा.

हंगाम म्हणाल तर एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. उन्हाळ्यात पारा 100 अंश फॅरनहाइटच्या (38 सेल्सियस) वर जातो, आणि एकाच दिवसात कमाल-किमान तापमानात 40 अंश फॅरनहाइटचा फरक पडू शकतो. म्हणून दुपारी टोपी आणि पहाटे जाकीट, दोन्ही एकाच सॅकमध्ये लागतात. अडचण अशी की मुलांच्या सुट्या आणि भारतातून आलेले आई-बाबा हे दोन्ही नेमके जून-जुलैत जुळतात. त्या महिन्यांत जायचंच असेल तर सकाळी सहाला पार्कच्या आत असा आणि दहाच्या आत गाडीकडे परत या. दुपार मोआबमध्ये काढा, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवस वाया जात नाही.

गर्दीच्या महिन्यांत गाडीसाठी आगाऊ वेळ राखून ठेवायची पद्धत गेली काही वर्षं इथे होती. हा नियम बदलत राहतो, तेव्हा तिकिटं काढण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर चालू वर्षाची सूचना वाचा. पार्कात शटल बस नाही, पेट्रोल नाही, खायला काही मिळत नाही. टाकी आणि डबे मोआबमध्येच भरायचे. पिण्याचं पाणी प्रवेशाजवळच्या व्हिजिटर सेंटरला मिळतं आणि थेट रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, डेव्हिल्स गार्डनला. या दोन जागांमध्ये 18 मैलांचा रस्ता आहे. डेलिकेट आर्चच्या वाटेवर नळ नाही.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला चार लिटर. डेलिकेट आर्चला प्रत्येकी निदान दोन लिटर, डेव्हिल्स गार्डनच्या पूर्ण फेरीला चार. हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत तो उडून गेलेला असतो. अंग ओलं वाटत नाही, तहानही उशिरा लागते. शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसले की समजा, मघापासून पाणी जातंय आणि आपण ते भरून काढलेलं नाही. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. नुसतं साधं पाणी तासन्‌तास पीत राहिलात आणि खाल्लं काहीच नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. म्हणून एका बाटलीत ओआरएस ठेवा आणि सोबत खारे शेंगदाणे, चिवडा, दशमी-चटणी असं काहीतरी असू द्या. चॉकलेटचा मात्र लगदा होतो. फेरी मारून परतायची वाट असेल तर अर्धं पाणी संपेपर्यंत अर्धी वाट झाली पाहिजे. झाली नसेल तर तिथूनच मागे फिरा. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 911 हा अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर लावा. फोनला रेंज सगळीकडे नसते, तेव्हा एकाने उघड्या, उंच जागी जाऊन प्रयत्न करायचा आणि एकाने रुग्णापाशी थांबायचं.

आता कातळाविषयी. इथला वालुकाश्म कोरडा असताना बुटाला छान धरतो, आपल्या पावसाळी बेसॉल्टपेक्षा कितीतरी चांगला. चढताना म्हणूनच फाजील आत्मविश्वास येतो. घोटाळा उतरताना होतो. कातळावर मोकळ्या वाळूचा पातळ थर असतो आणि त्यावरून टाच घसरते. उतरताना गुडघे किंचित वाकवा, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर आणा आणि अख्खा तळवा दगडाला टेकवा. आडवं पाऊल टाकून बुटाच्या कडेवर उभं राहू नका. घसरायच्या भीतीने मागे रेलणं ही सगळ्यांत महागडी सवय, कारण त्यानेच पकड सुटते. पाऊस पडून गेला असेल तर कातळ पूर्ण वाळेपर्यंत थांबा. बूट मऊ रबरी तळाचे हवेत. झिजलेले जॉगिंगचे बूट आणि सँडल हॉटेलवर राहू द्या. आणि एक जुना नियम: जे उतरता येईल याची खात्री नाही, त्यावर चढू नका. इथे सोडवून आणाव्या लागणाऱ्यांत वर जाऊन अडकलेले बरेच असतात.

डेलिकेट आर्च

वाट वुल्फ रँचपासून सुरू होते. ओहायोहून आलेला जॉन वेस्ली वुल्फ 1898 मध्ये इथे येऊन राहिला. त्याच्या लाकडी खोपटाला वळसा घालून सॉल्ट वॉश ओढ्यावरचा पूल ओलांडला की डावीकडे छोटी पायवाट फुटते. तिथे या भागातल्या मूळनिवासी युट लोकांनी दगडात कोरलेले घोडेस्वार आणि जंगली मेंढ्या आहेत. घोडे आहेत, म्हणजे स्पॅनिश लोकांनी ते या भागात आणल्यानंतरचं हे काम. दोन मिनिटं लागतात, चुकवू नका, आणि कोरीवकामाला हात लावू नका.

पहिला अर्धा मैल रुंद, मळलेली वाट. मग समोर उघडा कातळ येतो, मोठा आणि एकसारखा चढता. खरा चढ हाच आणि सावली शून्य. वाट पायाखाली दिसत नाही. दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या आहेत, एका लगोरीपाशी उभं राहून पुढची दिसल्याशिवाय हलायचं नाही. स्वतःच्या हौसेने नव्या लगोऱ्या रचू नका, मागून येणारा त्यांच्यामागे जाऊन भरकटतो. कातळ संपला की वाट थोडी सपाट होते आणि शेवटचे साधारण 200 यार्ड कड्यात कोरलेल्या कपारीवरून जातात. कपार चांगली रुंद आहे, पण एका बाजूला दरी आहे. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी भिंतीच्या बाजूने चालावं, लहान मुलांचा हात धरावा. कपार संपते आणि कमान एकदम समोर येते: भोक 46 फूट उंच, 32 फूट रुंद. तिच्या पुढ्यातला कातळ खोलगट आणि उतरता आहे. फोटोसाठी मागे-मागे सरकणारे इथेच घसरतात, आणि बाटली हातातून सुटली तर ती गेलीच.

जाऊन-येऊन दोन ते तीन तास धरा. सूर्यास्ताला दगड पेटल्यासारखा दिसतो, म्हणून वाहनतळ आधीच भरतो. दीड-दोन तास अगोदर पोहोचा. परतताना अंधारात तोच लगोऱ्यांचा कातळ उतरायचा आहे, तेव्हा प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च हवा. फोनच्या टॉर्चने एक हात अडकतो आणि पुढची लगोरी दिसत नाही. सकाळी लवकर गेलात तर कमान सावलीत मिळेल, पण वाट रिकामी असते. उन्हाळ्यात माझं मत सकाळच्या बाजूने. डिसेंबर ते फेब्रुवारी त्या कपारीवर बर्फ गोठतो, बुटांना मायक्रोस्पाइक्स (तळाला बसवायचे छोटे लोखंडी काटे) लावल्याशिवाय जाऊ नये.

ज्यांना हा चढ नको त्यांच्यासाठी गाडीरस्त्याने खालचा व्ह्यूपॉइंट आहे, शंभर यार्डांवर. कमान लांबून, लहानशी दिसते. मध्ये खोल दरी असल्याने तिथून कमानीपर्यंत जाता येत नाही, शॉर्टकट शोधू नका.

डेव्हिल्स गार्डन

लँडस्केप आर्चपर्यंतची वाट जाऊन-येऊन 1.9 मैल, दाबलेल्या खडीची, सोपी. या कमानीचा गाळा, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, 306 फूट आहे आणि मधला भाग पाहून ती अजून उभी कशी हा प्रश्न पडतोच. 1 सप्टेंबर 1991 ला तिच्या खालच्या बाजूने सुमारे 60 फूट लांबीचा कातळाचा तुकडा निखळला. तेव्हापासून खालची पायवाट बंद आहे. कुंपण ओलांडू नका. याच वाटेवरचं वॉल आर्च तर ऑगस्ट 2008 मध्ये एका रात्रीत कोसळलं.

लँडस्केप आर्चच्या पुढे वाटेचा स्वभाव बदलतो. जमिनीखालच्या मिठाच्या जाड थराने वरचा वालुकाश्म फुगवला, त्याला समांतर भेगा पडल्या, पाण्याने आणि बर्फाने त्या रुंद केल्या, आणि मधे उरले ते पावाच्या कापांसारखे उभे, अरुंद कातळ. डबल ओ आर्चकडे जाताना अशाच एका कातळाच्या माथ्यावरून चालायचं आहे, दोन्ही बाजूंना उतार. वारा जोराचा असेल तर इथून परत फिरण्यात कमीपणा नाही. डबल ओपर्यंत जाऊन-येऊन चार मैलांच्या आसपास, प्रिमिटिव्ह ट्रेल धरून पूर्ण फेरी 7.9 मैल. प्रिमिटिव्ह ट्रेलवर लगोऱ्या विरळ, कोरड्या ओढ्यातली वाळू मऊ, आणि एका ठिकाणी उतरत्या कातळावरून आडवं जावं लागतं. कातळ ओला किंवा बर्फाळ असेल तर ही फेरी करूच नका. पाच तास हाताशी ठेवा.

वाट सोडून शेजारच्या मातीवर पाय ठेवू नका. ही माती बारकाईने पाहा: काळपट, फुगलेली, जळक्या खरपुडीसारखी उंचसखल. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. वाऱ्याने वाळू उडू न देण्याचं आणि झुडपांना नायट्रोजन पुरवण्याचं काम हाच थर करतो. एका पावलाने तो चुरतो आणि भरून यायला वर्षानुवर्षं, कधी दशकं लागतात. बाजूला व्हायचं असेल तर कातळावर किंवा ओढ्याच्या मोकळ्या वाळूत व्हा. कातळातल्या खळग्यांत साचलेलं पाणीही तसंच सोडा. त्यात कोळंबीसारखे बारीक जीव वाढतात, हाताचं सनस्क्रीनही त्यांना बाधतं.

जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी ढग चढतात. गडगडाट ऐकू आला की कातळाच्या माथ्यावरून आणि कमानीखालून बाहेर पडून गाडी गाठा. आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या बाजूला पाऊस पडून कोरडा ओढा अचानक वाहू शकतो. लाल, वाहतं पाणी चालत किंवा गाडीने ओलांडू नये, ते उतरायची वाट पाहावी.

आई-बाबांना घेऊन गेलात तर विंडोज भाग निवडा. डबल आर्च जाऊन-येऊन 0.6 मैल, जवळजवळ सपाट. विंडोजची फेरी एक मैल, पायऱ्या आहेत, गुडघेदुखीला सावकाश. बॅलन्स्ड रॉकची फेरी 0.3 मैल. हे तिन्ही सकाळच्या दोन तासांत आरामात होतं.

फायरी फर्नेस या चक्रव्यूहासारख्या भागात परवान्याशिवाय किंवा रेंजरसोबतच्या फेरीशिवाय जाता येत नाही. आत खुणा फारशा नाहीत, उंच भिंतींमुळे जीपीएस भरवशाचं राहत नाही, आणि प्रत्येक घळ आधीच्या घळीसारखी दिसते. पहिल्या खेपेला रेंजरसोबतच जा. त्याचं आरक्षण आधी करावं लागतं आणि जागा झटपट भरतात.